महापालिकेतले काका बॅप्टिस्टा

मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत जोसेफ बॅप्टिस्टा हे नाव अपरिचित नाही. धर्मग्रामातल्या एखाद्या समारंभात, विशेषतः पंधरा ऑगस्टच्या मिस्सेनंतरच्या भाषणात, त्यांचा उल्लेख हमखास होतो. लोकमान्यांचे ख्रिस्ती मित्र, होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, आणि 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे' या घोषणेमागचे डोके, असे तीन गौरव सांगून वक्ता खाली बसतो, टाळ्या पडतात आणि काका बॅप्टिस्टा पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा कपाटात जातात. यांपैकी तिसऱ्या गौरवावर आम्ही फारसा भार देणार नाही. घोषणा ज्याच्या मुखातून देशाने ऐकली त्याचीच ती होते. आणि बॅप्टिस्टांचे मोठेपण उसन्या वाक्यावर उभे करण्याची मुळीच आवश्यकता नाही. आमचे लक्ष आहे ते त्यांच्या आयुष्याच्या एका निराळ्या, कमी चमकदार बाजूकडे. हा गृहस्थ १९०१ पासून सलग सतरा वर्षे मुंबई महापालिकेचा सभासद होता, आणि पुढे १९२५ मध्ये तिचा अध्यक्ष झाला. गटारे, पाणी, घरपट्टी, इस्पितळे, प्राथमिक शाळा या विषयांवर चर्चा करणाऱ्या सभागृहात ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, त्या बॅप्टिस्टांविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही.

त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावच्या म्हातारपाखाडीत झाला. वडील जॉन बॅप्टिस्टा हे मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. म्हणजे घराणे आपल्याच किनाऱ्यावरचे. त्याच १८६४ साली माझगावात सेंट मेरीज ही शाळा निघाली आणि जोसेफ पुढे तिचाच विद्यार्थी झाला. नंतर पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज, त्यानंतर केंब्रिजला फिट्झविल्यम हॉलमधून राज्यशास्त्राची पदवी, आणि बॅरिस्टरी. त्या काळी आपल्या पाखाडीतला मुलगा शिकला तर रेल्वेत, कस्टममध्ये किंवा एखाद्या इंग्रजी पेढीत कारकून होत असे, आणि आईबापांना त्यात कृतार्थता वाटे. आम्ही हे टीका म्हणून सांगत नाही. मिठागरे, भातशेती आणि ताडाची झाडे यांवर पोट न भरणाऱ्या समाजाने नोकरीकडे पाहिले, हे स्वाभाविकच होते.

या नोकरीच्या प्रश्नाशीच समाजाच्या नावाचा इतिहास जोडलेला आहे. गोव्याहून आणि मंगळूरहून आगबोटींनी ख्रिस्ती तरुण मुंबईत येऊ लागले, आणि सरकारदरबारी सर्वांनाच सरसकट 'पोर्तुगीज' म्हटले जाऊ लागले, तेव्हा इथल्या मूळ रहिवाशांना आपण वेगळे आहोत हे ठसवण्याची निकड वाटली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली आणि 'ईस्ट इंडियन' हे नाव समाजाने अधिकृतपणे धारण केले. कंपनी सरकारच्या पहिल्या सेवकांत आमचे पूर्वज होते, याची आठवण त्या नावात होती. राजनिष्ठा आणि उपजीविका यांची अशी गाठ पडलेली असताना, त्याच समाजातला एक बॅरिस्टर टिळकांच्या पंक्तीला जाऊन बसतो, याचा अर्थ त्या काळच्या घरांत काय लागला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

महापालिकेत बॅप्टिस्टांच्या आधी आपल्यातला एक थोर माणूस जाऊन बसला होता. त्याची ओळख करून घेतल्याविना पुढे जाता येणार नाही. डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे गोव्यातील हडफडे गावचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० मध्ये ते डॉक्टर झाले, आणि १८८८ मध्ये महापालिकेवर आले. मांडवी भागात त्यांचा दवाखाना होता. धान्याची गोदामे, अंधाऱ्या चाळी, साचलेली गटारे आणि उंदीर असा तो भाग. सप्टेंबर १८९६ मध्ये तिथे ताप आणि जांघेत गाठी येऊन माणसे पटापट मरू लागली, तेव्हा हा गाठीचा प्लेग आहे असे निदान व्हिएगसांनी केले आणि ते महापालिकेत उघडपणे मांडले. बंदराच्या शहरात 'प्लेग' हा शब्द उच्चारणे म्हणजे व्यापाराच्या मुळावर घाव. कोणत्याही व्यापाऱ्याला तो ऐकायचा नव्हता, आणि अधिकाऱ्यांनाही नव्हता. पुढे सरकारने कलकत्त्याहून बोलावलेल्या हाफकिन यांनी निदान बरोबर असल्याचे दाखवून दिले, आणि जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

पुढचा हाहाकार आपल्या गावठाणांतून अजून दगडाच्या रूपाने उभा आहे. वांद्र्यापासून माझगावपर्यंत रस्त्याच्या कडेला, पाखाडीच्या तोंडाशी जे जुने क्रूस दिसतात, त्यांतले कितीतरी प्लेगच्या वर्षांतले आहेत. माणसांनी घरे सोडली, शहर सोडले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती; १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढते शहर दहा वर्षांत घटले. सक्तीने रुग्ण उचलून नेण्याच्या भीतीपोटी ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता, तर पुण्यात प्लेगबंदोबस्ताच्या जुलमापायी जून १८९७ मध्ये रँडचा खून झाला आणि त्या वातावरणातच टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. सार्वजनिक आरोग्य हा केवळ डॉक्टरांचा विषय नसून राज्यकर्ता आणि रयत यांच्यातील विश्वासाचा विषय आहे, हे त्या दहा वर्षांनी मुंबईला शिकवले. व्हिएगस १९०६ मध्ये महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती. आज त्यांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर आहे. त्याच्या पायाशी बसची वाट पाहणाऱ्या किती जणांना तो कोणाचा हे ठाऊक असेल, हा प्रश्न आम्ही येथेच सोडतो.

तर अशा, माणसे गमावलेल्या शहराच्या सभागृहात १९०१ मध्ये सदतीस वर्षांचे बॅरिस्टर बॅप्टिस्टा दाखल झाले. ही महापालिका होती तरी कशी, हे थोडे समजून घेतले पाहिजे. १८८८ च्या कायद्यानुसार तिचे ७२ सभासद असत. त्यांतले ३६ वॉर्डांतून करदात्यांनी निवडलेले, १६ 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळींनी निवडलेले, १६ सरकारने नेमलेले, दोन विद्यापीठाच्या फेलोंचे आणि दोन व्यापारी चेंबरचे. मतदानाचा हक्क ठरावीक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यांनाच. चाळीत भाड्याने राहणाऱ्या कामगाराला, गोदीतल्या हमालाला या सभागृहाच्या निवडणुकीत स्थान नव्हते. शिवाय सभासदांनी कितीही ठराव केले तरी कारभाराची दोरी सरकारनियुक्त कमिशनरच्या हाती. सभागृहाजवळ होता तो खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार, प्रश्न विचारण्याचा अधिकार, आणि बोलण्याचा. एवढ्याशा भांडवलावर फिरोजशहा मेहतांसारख्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे गोऱ्या अधिकाऱ्यांना जेरीस आणले. आमच्या मते हिंदी माणसाला संसदीय रीतीचे पहिले खरे शिक्षण मिळाले ते दिल्ली-सिमल्याला नव्हे, बोरीबंदरासमोरच्या त्या इमारतीत.

या रचनेतली एक गोष्ट आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. मुंबई महापालिकेच्या वॉर्डांत जातवार किंवा धर्मवार मतदारसंघ नव्हते. १९०९ च्या सुधारणांनी विधिमंडळांत मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ आले, आणि पुढे १९३५ च्या कायद्याने ते हिंदी ख्रिस्ती समाजालाही लाभले. पण शहराच्या कारभारात ख्रिस्ती उमेदवाराला पारशी, हिंदू, मुसलमान शेजाऱ्यांचीच मते मागावी लागत. त्यातून आपला समाज तेव्हा स्वतःतही एकसंध नव्हता. ईस्ट इंडियन एकीकडे, गोवेकर दुसरीकडे, मंगळूरकर तिसरीकडे. त्यावर कळस म्हणजे पाद्रोआदो आणि प्रोपागांदा यांचा दुहेरी अधिकार. एकाच रस्त्यावरची दोन चर्चे दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांची, आणि त्यांच्या लोकांत सोयरीक जुळवतानाही कुरबुर. हा घोळ थेट १९२८ साली, पोर्तुगाल आणि रोम यांच्या करारानंतर मिटला. धर्मगुरू म्हणून त्या भांडणांची कागदपत्रे वाचताना आम्हांला आजही संकोच वाटतो. केवळ 'आपल्या माणसांच्या' मतांवर विसंबणारा कॅथलिक उमेदवार त्या दिवसांत कधीच निवडून आला नसता. सर्वांचा होण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते.

बॅप्टिस्टा सर्वांचे झाले. 'काका' ही पदवी त्यांना चिकटली ती अशीच. आपल्याकडे वडीलधाऱ्याला काका म्हणतात आणि हिंदू घरांतही म्हणतात, त्यामुळे या हाकेला ना चर्चची वेस आड आली ना देवळाची.

सभागृहात मात्र त्यांची जागा अवघड होती. महापालिकेवर मेहतांची छाया, आणि मेहता म्हणजे नेमस्तांचे मेरुमणी. बॅप्टिस्टा टिळकांचे. १९०७ साली मुंबईत 'कॉकस' नावाने गाजलेले प्रकरण घडले. काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि वृत्तपत्रकाराने संगनमत करून जे. पीं.च्या निवडणुकीत मेहतांना पाडण्याचा घाट घातला. निवडायचे सोळा, आणि मेहता आले सतरावे! निवडून आलेला एक गृहस्थ पालिकेचा कंत्राटदार असल्यामुळे अपात्र ठरला आणि मेहता आत आले, तो भाग वेगळा. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरतेला काँग्रेस फुटली. तिथे मेहता आणि टिळक समोरासमोर उभे होते. सुरतेची जखम ओली असताना मुंबईत मेहतांच्याच सभागृहात जाऊन पाणीपट्टीवर बोलायचे, आणि ज्यांच्याशी देशाच्या प्रश्नावर वैर त्यांच्याशी शहराच्या प्रश्नावर एकत्र मत द्यायचे, ही तारेवरची कसरत बॅप्टिस्टांना वर्षानुवर्षे करावी लागली. आम्हांला ही गोष्ट टिळकमैत्रीइतकीच मोलाची वाटते. विरोधकाशी रोज एका बाकावर बसण्याची सवय ज्याला लागते, त्याचे राजकारण द्वेषाने कुजत नाही.

बाहेरचे राजकारण थांबले नव्हतेच. १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा दुसरा खटला झाला आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांवर मुंबईत खास न्यायासनापुढे खटला चालला, तेव्हा त्यांच्या बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. राजद्रोह्याचे वकीलपत्र घेणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी सरकारनियुक्त सभासदांच्या शेजारी बसून कमिशनरला प्रश्न विचारतो, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली आणि तिचे अध्यक्षपद बॅप्टिस्टांकडे आले. आयर्लंडच्या होमरूल चळवळीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. कॅथलिक आयरिश जनतेचा झगडा त्यांनी विलायतेत असताना जवळून पाहिला होता. येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. टिळकांची लीग आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघालेली ॲनी बेझंट यांची लीग यांनी प्रदेश वाटून घेतले, तेव्हा टिळकांच्या वाट्याला महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड आले, मुंबई शहर मात्र वगळलेले होते. म्हणजे मुंबईच्या नगरपित्याला अध्यक्ष केलेल्या संस्थेला मुंबईतच कार्यक्षेत्र नव्हते! १९१७ मध्ये स्वराज्याची बाजू मांडण्यासाठी बॅप्टिस्टा इंग्लंडला गेले, तिथल्या मजूर पक्षाच्या मंडळींशी त्यांनी संबंध जोडले, आणि महापालिकेतली त्यांची पहिली सतरा वर्षे याच सुमारास संपली.

१ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात टिळक गेले. पुढे देशात गांधीपर्व सुरू झाले, आणि टिळकांच्या अनेक सहकाऱ्यांप्रमाणे बॅप्टिस्टाही त्या प्रवाहाच्या मध्यभागी राहिले नाहीत. त्यांनी मोर्चा वळवला तो कामगारांकडे. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. लाला लजपतराय अध्यक्ष, बॅप्टिस्टा उपाध्यक्ष. आपल्यातल्या काही सद्भक्तांना 'युनियन' हा शब्द ऐकला की आजही लाल बावटा दिसतो. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, कामगारांना संघटित होण्याचा नैसर्गिक हक्क आहे असे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्येच आपल्या परिपत्रकात लिहून ठेवले होते.

दरम्यान महापालिका बदलत होती. १९२२ च्या कायद्याने सभासदांची संख्या १०६ झाली, त्यांतले ७६ वॉर्डांतून निवडायचे. आणि मुख्य म्हणजे महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूलाही मत मिळाले. चाळीच्या जिन्यापर्यंत मतपेटी पोचली. नव्या सभागृहात १९२३ मध्ये सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रियाही आल्या. विठ्ठलभाई पटेल अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले, आणि त्यांच्या मागोमाग १९२५-२६ या वर्षासाठी जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष झाले. आपल्याकडे त्यांना 'मुंबईचे महापौर' म्हणण्याची रीत आहे. पद तेच, पण 'मेयर' हे नाव त्याला १९३१ मध्ये मिळाले आणि तोवर बॅप्टिस्टा हयात नव्हते. आपल्या हयातीत ते 'प्रेसिडेंट' होते.

त्यांच्या त्या एका वर्षावर लिहायचे तर स्वतंत्र लेख होईल. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाला मुंबईत सुरुवात झाली ती १९२५ मध्ये, एफ आणि जी या वॉर्डांपासून, म्हणजे मुख्यतः परळ, दादर, वरळी या गिरणगावच्या बाजूने. परळचे केईएम इस्पितळ सुरू झाले ते १९२६ च्या आरंभी. त्याच्या शेजारच्या गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजसाठी देणगी देणाऱ्यांनी अट घातली होती की तिथले अध्यापक हिंदीच असले पाहिजेत, आणि महापालिकेने ती मानली. आपल्यापैकी किती जणांची आजी, किती जणांचे वडील त्या इस्पितळाच्या खाटेवर बरे झाले, याचा हिशेब नाही. या गोष्टी एकट्या अध्यक्षाच्या कर्तृत्वाच्या नव्हत्या. त्यांमागे कितीतरी वर्षांच्या समित्या, भांडणे आणि अंदाजपत्रके होती. पण असल्या कामांचा स्वभावच तसा असतो. तिथे कोणाचे एकट्याचे नाव लागत नाही.

त्याच वर्षी शहरावर मोठे संकट आले. गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि सप्टेंबर १९२५ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. गिरण्यांची धुराडी डिसेंबरपर्यंत थंड होती. घरोघर उपासमार. ज्याने ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत भाग घेतला, तो मनुष्य त्या वेळी शहराचा प्रथम नागरिक होता. आणि त्याच्या खुर्चीला मात्र सभा चालवण्यापलीकडे अधिकार जवळजवळ नव्हते. सभागृहात त्याच्यापुढे गिरणीमालकांचा प्रतिनिधी बसे, आणि वॉर्डांतून दहा रुपये भाड्याच्या मतदाराने निवडलेला सभासदही बसे. अखेर सरकारने कापडावरची अबकारी जकात डिसेंबरात स्थगित केली, मालकांनी कपात मागे घेतली आणि कामगार परतले. निर्णय झाला तो दिल्लीत. महापालिका किती लहान आहे, आणि तिचे काम तरीही किती अटळ आहे, हे दोन्ही त्या तीन महिन्यांत दिसले. दिवे रोज लावावेच लागत होते, पाणी सोडावेच लागत होते, आणि संपकऱ्याच्या मुलालाही देवीची लस टोचावीच लागत होती.

आपल्या समाजात आज डॉक्टर, इंजिनिअर, परदेशी नोकरदार आणि धर्मगुरूही पुष्कळ आहेत. नगरसेवक मोजके. 'राजकारण हे आपले काम नव्हे, फादर' असे वाक्य आम्ही घरभेटीच्या वेळी इतक्यांदा ऐकले आहे की ते आता प्रार्थनेसारखे पाठ झाले आहे. हे वाक्य बोलणाऱ्याच घरात पाच मिनिटांनी नळाला पाणी नाही, गावठाणात बेकायदा मजले चढताहेत, स्मशानभूमीची जागा विकास आराखड्यात गेली अशा तक्रारी सुरू होतात. आराखडा कोणी मंजूर केला, असे विचारले की यजमान चहा आणायला आत जातात.

बॅप्टिस्टा १८ सप्टेंबर १९३० रोजी वारले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. म्हातारपाखाडीपासून थोड्याच अंतरावर भंडारवाड्याची टेकडी लागते. तिथे पूर्वी इंग्रजांचा माझगाव किल्ला होता, जो जंजिऱ्याच्या सिद्दीने १६९० मध्ये जमीनदोस्त केला. त्या टेकडीवरच्या महापालिकेच्या बागेला जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव दिलेले आहे. संध्याकाळी तिथे फिरायला येणारी मंडळी कठड्याशी उभी राहून गोदीतली जहाजे पाहतात. हिरवळीखाली महापालिकेचा जलाशय आहे, आणि दक्षिण मुंबईच्या नळांना तिथून पाणी जाते.